यंत्रावरचा ओला पंचा

मी लिहायला बसलोय, हे धाडसच आहे. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिण्याची रीत नाही. अळणावरजवळच्या गावात आई आणि अप्पा भात लावतात, आणि घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. परीक्षेतली उत्तरं सोडली तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. त्यात सांगायचंय ते एका यंत्रात घातलेल्या दोन आकड्यांबद्दल. पण त्या आकड्यांपायी काही माणसांचे उपकार माझ्यावर झाले, आणि ते मनातच ठेवले तर माझ्याकडून काहीतरी राहून जाईल असं वाटतं.

शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत मला रायापूरच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात आठ आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. मटार आणि मक्याचे दाणे गोठवून तिथे पाकिटं भरतात. केळगेरीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून मी रोज सकाळी बसने जायचो. थंडी तयार करायला तिथे नळांतून अमोनिया फिरतो. हा वायू थोडा सुटला तर डोळे चुरचुरतात. जास्त सुटला तर श्वासच घेता येत नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या खोलीत छताजवळ हवेतला अमोनिया मोजणारं नवं यंत्र बसवलं होतं. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे किती भाग, तो आकडा दाराबाहेरच्या पेटीवर दिसायचा. कोणत्या आकड्याला भोंगा वाजवायचा, ते त्या पेटीत भरायचं होतं. माझं काम बघणारे तिथले साहेब म्हणाले, "पुस्तक वाच आणि मर्यादा भर. मी तपासतो."

मी पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्या इशाऱ्यासाठी त्यात पंचवीस सुचवलं होतं, पण दहापर्यंत खाली येण्याची मुभा होती. मला वाटलं, जितकं लवकर वाजेल तितकं बरं. मी दहा भरलं. साहेबांनी कामाच्या गडबडीत रजिस्टरात सही केली. त्या दिवशी बसमध्ये मला उगाचच छाती फुगल्यासारखं वाटत होतं.

त्या खोलीत वीसेक वर्षं काम केलेले एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून मीही. घरी ते कन्नड बोलत. माझ्याशी मराठीत बोलायचे, पण त्यातही निम्मं कन्नड असायचं. मला ते तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. रोज सकाळी अमोनियाच्या टाकीच्या तळाशी साठलेलं कॉम्प्रेसरचं तेल ते पाण्याच्या बादलीत सोडत. तेव्हा तेलाबरोबर थोडा वायू सुटतोच. आकडा पंधरा-अठरापर्यंत जायचा आणि दोन-तीन मिनिटांत खाली यायचा. म्हणजे माझ्या दहाच्या हिशेबाने भोंगा रोज सकाळी वाजणार होता, आणि तो वाजलाही. पॅकिंगमधल्या बायका, ज्यांना सगळे अक्का म्हणत, हातमोज्यांसकट धावत गेटवर जायच्या आणि परत यायच्या. मला वाईट वाटायचं, पण सावध राहिलेलं चांगलं, असं मी स्वतःला सांगायचो.

दुसऱ्या आठवड्यात भोंगा गप्प झाला. मला वाटलं, अण्णा तेल जास्त जपून सोडतायत. एका सकाळी मी मुद्दाम आत जाऊन उभा राहिलो. बादलीतून बुडबुडे आले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाहेर येऊन पेटी बघितली, तर आकडा शून्य.

शिडी लावून वर चढलो. यंत्राच्या तोंडाला अण्णांचा लाल पंचा गुंडाळलेला होता, ओला करून. अमोनिया पाण्यात विरघळतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. वायू सुटला की नाकावर ओलं फडकं धरायचं, हे ते पहिल्या दिवशी शिकतात. तेच फडकं त्यांनी यंत्राच्या नाकावर बांधलं होतं.

"अण्णा, हे काय?"

"पंचा."

"पण याने यंत्राला काही कळणार नाही!"

"बाप्पा! तुझं यंत्र रोज बोंबलतंय, तम्मा. अक्का चार दिवस पळाल्या. पाचव्या दिवशी एक विचारती, ‘अण्णा, आजचं खरं काय, की इंजिनिअरचं?’ मी म्हटलं, इंजिनिअरचं. सगळ्या हसल्या आणि बसून राहिल्या."

"आणि उद्या खरंच सुटला तर?"

"तर पहिला मी," ते म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ तेच असत, आणि त्यांच्यासाठी बसवलेला पहारेकरी माझ्यामुळेच झाकला गेला होता. साहेबांना सांगावं तर अण्णांची नोकरी जाईल, न सांगावं तर जीव जाईल. त्या दिवशी मी साहेबांकडे गेलो नाही. पंचा मात्र काढून घेतला.

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. "जेवलास काय?" विचारून झालं, मग माझ्या आवाजावरून त्यांनी खोदून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं यंत्र वाऱ्यानं वाजालंय की रे. आपल्या शेतातले डबे आठवतात काय?"

आठवले. रानडुकरांसाठी आम्ही बांधावर दोरी ताणून पत्र्याचे डबे बांधतो. शाळेत असताना एका वर्षी ते काम मी केलं होतं. डब्यांत बारीक खडे घातले होते. झुळूक आली तरी खुळखुळायचे. दोन दिवसांत आमचं कुत्रंही मान वर करेना. अप्पांनी खडे काढून प्रत्येक डब्यात एकेक जड लोखंडी नट टांगला. वाऱ्याने तो नुसता हलायचा. डुकराने दोरी ओढली की दणकन वाजायचा.

"तेच कर," अप्पा म्हणाले. "आणि साहेबाला खरं सांग. डबे तू बांधलास न्हवं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहून मी म्हणालो, दहा हा आकडा माझा, आणि तो चुकला. पंच्याचं कसं सांगावं, हे मी शोधत होतो. तोवर माझ्यामागे येऊन उभे राहिलेले अण्णाच म्हणाले, "पंचा मी बांधला, सर."

साहेबांनी रजिस्टर काढून आपली सही बघितली. मग म्हणाले, "आणि न बघता सही मी केली. आता दोघं मिळून चार सकाळी आकडे लिहून आणा. खुर्चीवर बसून नाही, तिथे उभं राहून."

आम्ही उभे राहिलो. अण्णा तेलाची झडप उघडताना ओरडून सांगायचे, मी आकडा आणि वेळ लिहायचो. एकदाच काही क्षण आकडा तिशीच्या वर गेला. त्या कागदावरून ठरलं, पहिली मर्यादा पंचवीस. आकडा सलग वीस सेकंद त्याच्या वर राहिला तरच इशारा, आणि तोही फक्त कॉम्प्रेसरच्या खोलीत, पिवळा दिवा आणि छोटा बझर. दुसरी मर्यादा पन्नास. तिथे वीस सेकंद थांबणं नाही, लगेच सगळ्यांसाठी भोंगा. या वेळी साहेबांनी प्रत्येक आकडा वाचून सही केली. अण्णांनाही करायला लावली. ते म्हणाले, "माझी सही कशाला, सर?" साहेब म्हणाले, "ऐकणारे तुम्हीच."

प्रशिक्षण संपलं. मी कॉलेजात परतलो, पण ते वीस सेकंद माझ्याबरोबर आले. वर्गात बसून घड्याळात वीस सेकंद मोजायचो, तर ते फार लांब वाटायचे. तेवढ्यात अण्णांना काही झालं तर? फोन करून विचारायचा धीर व्हायचा नाही. विचारणार तरी काय?

परवा दुपारी, आम्ही प्रयोगशाळेतून बाहेर पडत असताना, अण्णांचाच फोन आला.

"तम्मा, आज वाजलं बघ."

बाकीच्यांना पुढे जायला सांगून मी भिंतीकडे वळलो.

"एका झडपेतून सुटला. आधी पिवळा लागला, बझर वाजला. मी झडप बंद केली, बाहेर आलो. तोवर भोंगा. अक्का सगळ्या गेटवर. कुणी विचारलं नाही, खरं काय म्हणून. मोजल्या, सगळ्या होत्या. डोळे जरा लाल झालेत माझे, बाकी काही नाही."

"आणि पंचा, अण्णा?"

"होता की," ते म्हणाले. "माझ्या नाकावर."