झाकण उघडलेल्या दहा प्लेट्स

राऊ गावात आमच्या घरामागच्या खोलीत मी आणि धाकटी जाऊ भुशावर मशरूम पिकवतो. मे महिन्याच्या उन्हात तग धरणारा एकच वाण आमच्याकडे होता. गेल्या उन्हाळ्यात बाकी सगळे गुच्छ करपले, एक उभा राहिला. त्याच्या गाभ्यातला तुकडा काढून मी वाण वर्षभर जपला आणि यंदा सगळाच अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, वाढवायला ठेवला. दहा प्लेट्स, प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. जागा, स्वयंपाकघरातलं वरचं कपाट. हा वाण गेला तर यंदा उन्हाळाभर खोली रिकामी.

चौथ्या दिवशी तुकोगंजच्या ऑफिसातून घरी आले तर सासूबाई खुशीत.

"अगं, लागलं गं तुझं! पांढरं पांढरं, एकदम मस्त."

"आई, झाकण उघडलंत?"

"मग? दही लागलं की नाही ते झाकणावरून कळतं होय? बोट नाही लावलं हं, चिंता मत कर."

"किती उघडल्या?"

"सगळ्या. एकीवरून काय समजणार?"

जाऊ हसत सुटली. मला हसू आलं नाही. हवेतली बुरशी आत पडायला एक श्वास पुरतो.

दोन दिवस वावगं काहीच दिसलं नाही. मग चार नंबरच्या मधोमध मोहरीएवढा हिरवा ठिपका. वहीत चारावर काट मारली. मग दोन, नऊ, पाच, एकेक करत बाकीच्याही. हिरव्या झालेल्या प्लेट्स न उघडता पिशवीत बांधून बाहेर टाकत गेले. आठवड्याने फक्त सात नंबर उरली, पांढरीशुभ्र. तिच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा मी नव्या प्लेटमध्ये ठेवला.

आमचा वाण प्लेट भरायला दहा-बारा दिवस घेतो. ही तिसऱ्या सकाळी काठापर्यंत भरली.

"वहिनी, देखो तो! काय जोर धरलाय!" जाऊ म्हणाली. "वाचलो आपण."

मी प्लेट उजेडात धरली. आमच्या वाणाचे धागे मुळांसारखे फाटे फोडत जातात. हे नुसतं कापसासारखं मऊ. हिरवी बुरशीही आधी पांढरीच असते. सात नंबर पुन्हा काढून पाहिली. तिच्या कडेलाही तोच कापूस.

"उद्यापर्यंत थांबू या ना, वहिनी."

"थांबू. पण भुसेवाल्या भियाला आत्ताच फोन कर. मे महिन्याचा भुसा नको म्हणून सांग."

तिने फोन हातात घेतला, पण नंबर लावला नाही. प्लेटकडेच बघत राहिली. मीही. तुकडा ठेवला होता तिथे पांढऱ्यावर किंचित पोपटी झाक आली होती.