सात रविवारांची घंटी

आमच्या घरचा फोन सातव्या रविवारपर्यंत वाजला नाही आणि त्याचं कारण मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगाच इंटरनेटवाल्याला, सरकारला किंवा तुमच्या बाबांना दोष देणार नाही.

चिन्मय, ईरा, तुमच्या बाबांनी, म्हणजे आमच्या सुधीरनं, मेलबर्नहून तो इंटरनेटवर चालणारा फोन पाठवला तो खास आबांसाठी. मोबाइलवर आबांना काही ऐकू येत नसे. "कानाले पापड लावल्यावानी वाटते," म्हणायचे. त्यांना मुठीत धरता येईल असा रिसीव्हर हवा होता आणि सगळ्या पवनारला ऐकू जाईल अशी घंटी. ती तेवढी ऐकू यायची त्यांना अजून.

फोन जोडायला प्रशांत आला. प्रशांत आमच्या भागातला इंटरनेटवाला आणि माझा जुना विद्यार्थी. आता त्याची दाढी पांढरी व्हायला लागली आहे, पण दहावीत मी त्याला इंग्रजीत दोनदा नापास केलं होतं, हे तो विसरलेला नाही आणि मीही नाही. त्यानं भिंतीवरच्या राउटरच्या डब्याला फोन जोडला. मी पाहिलं, तर फोनवरचा हिरवा दिवा दर अर्ध्या मिनिटानं लुकलुकत होता.

"कोणी बोलत नाही, मग हे काय चाललंय?"

"काही नाई बाई. फोन बाहेर सांगून राह्यला, मी आहे, मी आहे."

"काम नसताना दर अर्ध्या मिनिटाला? वर्गात मी हे चालू दिलं नसतं. बंद कर."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि बंद केलं. (दिवा. तोंड आधीच मिटलं होतं.)

आता आबांच्या मनात काय होतं ते सांगते. मागच्या दिवाळीला तुम्ही आला नाहीत तेव्हा ते तुमच्या बाबांना रागाच्या भरात बोलून गेले होते, "मंग आता येऊच नका." बोलले आणि मग स्वतःच झुरत बसले. पहिल्या रविवारी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून दहा वाजता फोनशेजारी खुर्ची टाकून बसले. फोन वाजला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही.

"अहो, तुम्हीच लावा ना सुधीरला."

"मी काऊन लावू? त्याले माही आठवण येते का नाई, तेच तं पाह्यचं आहे मले."

तिसऱ्या रविवारी मी प्रशांतला पुन्हा बोलावलं. त्यानं आमच्या फोनवरून आपल्या दुकानात फोन लावला. लागला. लगेच आपल्या मोबाइलवरून आमचा नंबर फिरवला. घंटी अशी खणखणली की ओट्यावरचं मांजर उडी मारून थेट कडुलिंबावर! मग प्रशांतनं आबांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं जाहीर केलं, "फोन एकदम ओके आहे! तुम्हाले कोणी करूनच नाई राह्यलं!"

वर्षभरात आबांना न ऐकू आलेल्या हजार वाक्यांमधून नेमकं हेच वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू गेलं. ते उठले, सदरा बदलला आणि अंगणात जाऊन बसले.

त्याच दिवशी तुमच्या बाबांचा माझ्या मोबाइलवर संदेश आला, 'आई, फोन चालू आहे ना?' मला राग आला. एक तर करायचा नाही, वर चौकशी! मी इंग्रजीत, पूर्णविरामासकट उत्तर पाठवलं की उपकरण उत्तम स्थितीत आहे. त्यावरून सुधीरनं ताडलं की फोन ठीक आहे, म्हणजे आबाच उचलत नाहीत, राग गेलेला नाही. एका अचूक वाक्यानं इतका घोळ मी शिक्षकी पेशातही घातला नव्हता.

चौथ्या रविवारी घंटीचा आवाज वाढवायला गेले, तर फोनवर घंटी वाजवून पाहायचं बटण सापडलं. दाबलं. आबा खुर्चीत ताठ झाले. त्यांचा तो चेहरा पाहिला आणि मी, मुलांनो, मी, जिनं तीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिलं, तिनं रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो! कोण? चिन्मय का रे! हो, हो, आबा बरे आहेत. पेपर चांगले गेले? शाब्बास!"

"मले दे, मले दे!"

"अगं बाई, कटला."

पुढच्या रविवारी ईराला आबांच्या शेतातल्या तुरीच्या वरणाची आठवण आली. त्याच्या पुढच्या रविवारी चिन्मय पोहण्यात शाळेत पहिला आला. (तुला पाण्याची भीती वाटते हे मला ठाऊक आहे. पण थाप मारणारा माणूस कुठं चौकशी करत बसतो!) आबा तडक बसनं वर्ध्याला गेले, दोन किलो पेढे आणले आणि घरोघरी वाटले. "धाम नदीचं पाणी आहे त्याच्या अंगात!" असं सांगत सुटले. दोन घरच्या बायका मला पोहण्याचा वर्ग विचारायला आल्या.

सातव्या रविवारी मी पोळ्यांची कणीक मळत होते. आबा म्हणाले, "पोरानं नाव काढलं, तं बापाचं अभिनंदन कराले पाह्यजे." आणि त्यांनी स्वतःहून नंबर फिरवला! मी कणकेचे हात घेऊन दाराशी आले तोवर ते ओरडत होते, "सुधीर! अभिनंदन! पोहते म्हणे पोरगा!" पलीकडचं अक्षरही ऐकू न आल्यानं समाधानानं फोन ठेवून दिला.

आणि फोन वाजला.

मी दाराशी. फोन दहा पावलांवर. माझे दोन्ही हात कणकेत.

आबांनी फोनकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. मग अगदी शांतपणे म्हणाले, "आज तं तू हातही नाई लावला. मंग वाजवला कोणी?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. तू बोलता बोलता मधात थांबतच नव्हती. फोनवर माणूस समोरच्याचं ऐकतेही."

"मग ते पेढे?"

"तुले वाटे मी खुश राहावं. तं झालो खुश. अन् सुधीरले फोन लावाले निमित्तही भेटलं."

मी कणकेच्या हातानंच रिसीव्हर उचलला. सुधीर रडवेला झाला होता. "आई, कशाचं अभिनंदन? दर रविवारी फोन लावतोय मी. बाबा अजून रागावलेत का गं?"

मी आबांच्या कानाशी ओरडले, "सुधीर आहे! खरा! दर रविवारी करत होता म्हणतो! आपल्याकडे वाजतच नव्हता!"

आबांनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला धडकी भरली. "बस कर आता," म्हणाले. "फोन चांगला आहे म्हणून प्रशांत सांगून गेला नं? हे नाई जमलं तुले. पोहण्याचं चांगलं होतं."

प्रशांतला बोलावलं. त्यानं पुन्हा सगळं तपासलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, हा डब्बा म्हणजे वॉचमन समजा. आतून कोणी बाहेर फोन लावला की त्याचं नाव ध्यानात ठेवते, त्याच्यासाठी कोणी आलं तं आत सोडते. दोन-चार मिनिटं आतून काही हाक नाई आली की विसरून जाते. मंग बाहेरच्याले वापस पाठवते, असं कोणी इथं राहत नाई म्हणून. त्या दिवशी मी आधी फोन लावला होता, म्हणून माह्या नंबरानं घंटी वाजली. आज काकाजींनी लावला, म्हणून सुधीरभाऊंची वाजली."

"आणि ते 'मी आहे, मी आहे'?"

"तेच तं त्याले आठवण देत होतं."

"मग मी सांगितलं तेव्हा तू बोलला का नाहीस?"

"बाई, तुम्हाले नाई म्हणाची हिंमत दहावीत नव्हती, आता कुठून आणू?"

दिवा पुन्हा लुकलुकू लागला आणि पुढच्या रविवारी ठीक दहाला घंटी वाजली. मी पुराव्यासाठी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही हात वर करून उभी होते. (शेजारच्या वहिनी डोकावल्या, त्यांना वाटलं चोर शिरलेत.) आबा म्हणाले, "प्रशांतले बाहेर बसवलं असंल. तुवा नापास केलेला आहे, तू सांगशीन ते करते तो."

तोवर त्यांचा कान पुरता गेला होता, मी कानाशी ओरडले तरच काय ते कळायचं. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरायचे, हसायचे, "हो, हो" म्हणायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. "काय म्हणते?" खरा सुधीर बोलत होता, खरे तुम्ही बोलत होतात आणि त्यांच्यापर्यंत पोचायला वाट एकच होती, मी. नेमकी मीच!

"सुधीर म्हणतो, त्याला राग नव्हताच."

"हो, म्हणत असंल."

पावसाळा सरता सरता सुधीरनं सांगितलं की दिवाळीची तिकिटं काढली, चौघंही येतो. मी तीनदा ओरडून सांगितलं. मोबाइलवर तिकिटं दाखवली. आबांनी चष्मा लावून पाहिली. "छान केली. इंग्रजीच्या मास्तरणीले काय कठीण आहे!" मग माझा हात थोपटला. "एवढी मोठी नको मारू, मंदा. पण मले आवडली."

आबा गेले ते दिवाळीच्या पंधरा दिवस आधी. तुम्ही तिकिटं बदलून दुसऱ्या दिवशी आलात, चौघंही. त्यांच्या फोटोसमोर मी तुम्हाला एकेक करून उभं केलं, ते तुम्हाला विचित्र वाटलं असेल. मी फक्त त्यांना माझी ती 'थाप' खरी करून दाखवत होते.

पन्नास वर्षांच्या संसारात मी त्या माणसाशी एकदाही खोटं बोलले नव्हते. थापा मारायला मी नेमका शेवटचा पावसाळा निवडला. वेळापत्रक चुकलं माझं ते आयुष्यात तेवढंच एकदा.