होडीत पाय न ठेवता

"तू बघितलंस?"

काकीला कोणी काहीही सांगा, आधी हा प्रश्न. हातातला डाव पातेल्यावर आडवा ठेवायची, पदर खोचायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायची. श्रीवर्धनात पापलेट स्वस्त झालंय म्हणा, पुण्यात गारा पडल्या म्हणा, न बघितलेली गोष्ट तिच्या लेखी थाप. टीव्हीवरच्या हवामानवाल्या बाईलाही तिनं कधी सोडलं नाही.

हरिहरेश्वरला तुम्ही आला असाल तर तिच्या हातचं जेवलाही असाल. देवळाकडून खाली उतरताना तिची खानावळ आणि तिला लागून माझं बुकिंगचं दुकान. गाड्या, खोल्या, विमानाची तिकिटं, सगळं करते मी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि फुकटची बोलणी खायची.

काका जहाजावर स्वयंपाकी होते. मोठमोठ्या मालवाहू बोटींवर जग फिरलेला माणूस. म्हातारपणी घरी बसले आणि ओट्यावर त्यांचा दरबार भरायला लागला. आमचा समुद्र गढूळ, गुडघाभर पाण्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत. काका सांगायचे, लांब दक्षिणेला असे समुद्र आहेत की तळाची बाग दिसते. जांभळ्या फांद्या, पिवळी फुलं. आणि चोचीचे मासे येतात, दगड कुरतडून खातात, पाण्यात डोकं घातलं की त्यांच्या खाण्याचा आवाज येतो.

आतून झाकण आपटल्याचा आवाज यायचा. बागेपर्यंत काकीनं कसंबसं चालवून घेतलं असतं, पण मासे दगड खातात आणि ते ऐकू येतं, हे तिला पचलं नाही. "खोटारडा माणूस पडलाय माझ्या पदरात," असं ती गिऱ्हाइकांना आमटी वाढता वाढता सांगायची. काका हसायचे आणि आणखी एक मासा सांगायचे.

आता तिची दुसरी बाजू ऐका. लग्नाच्या नव्या नवलाईतच काकांच्या बोटीची खबर बंद झाली होती. तार नाही, निरोप नाही. सासरची माणसं कुजबुजायला लागली तेव्हा ही एकटी खडकांवर गेली, समुद्राला नारळ दिला आणि म्हणाली, ह्यांना परत धाड, मी जन्मात होडीत पाय ठेवणार नाही. काका परत आले. हिनं शब्द पाळला.

पाळला म्हणजे कसा! तिचं माहेर खाडीपलीकडे, मुरुडच्या बाजूला. सगळं जग दिघीहून जंगल जेटीच्या फेरीबोटीत बसून आगरदांड्याला उतरतं, चहा निवेपर्यंत पलीकडे. काकी मात्र एसटीनं म्हसळ्यावरून अख्ख्या खाडीला वळसा घालून जाणार. भाचीच्या लग्नात अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मांडववाले खुर्च्या मोजायला लागले, तेव्हा ही धुळीनं माखून पोचली आणि काही झालंच नाही अशा थाटात जिलबी मागायला लागली. आम्ही किती चिडवलं असेल तिला, पण ती ढिम्म.

काका गेले ते बसल्या जागी, शेंगा सोलताना. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तुम्हाला ठाऊक आहेच, गेलेल्याच्या मनात काही राहिलं असलं की असं होतं म्हणतात, मग घरची माणसं एकेक वचन देतात. मुलगा पुढे होऊन म्हणाला, आईला सांभाळीन. दीर म्हणाले, जमिनीवरून भांडणार नाही. कावळा सुरूच्या फांदीवर पाठ फिरवून बसलेला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात काकी पुढे आली, बायका येत नाहीत तिथं मला सोबत घेऊन हट्टानं आलेली, आणि पिंडाकडे बघून बोलली.

"तुम्ही सांगत होता ते माझ्या डोळ्यांनी बघून येईन. मग तर झालं?"

कावळा खाली आला. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे, पण अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू?

तेरावं झालं आणि काकी माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसली. समुद्राचा तळ बघायचाय आणि होडीत बसायचं नाही, काढ तिकीट. मी कपाळाला हात लावला. एक वचन नवऱ्याला, एक समुद्राला, आणि दोन्हींच्या मधे बुकिंगवाली मी!

आधी घरचंच बघू म्हटलं. पोहायचा चष्मा लावून ओहोटीला खडकांपाशी डोकं बुडवलं, तर हिरवट काळोख आणि नाकात वाळू. मग मालवण पाहिलं. तिथं तळ दाखवतात, पण होडीतून नेऊन. अंदमानची चित्रं बघून काकीचे डोळे विस्फारले, पण लोक ज्या किनाऱ्यांची तारीफ करतात तिथं विमानतळावरून पुढे पुन्हा बोट. मी रोज नवी जागा काढायची आणि काकी एकच विचारायची, पायी जाता येतं का? माझं डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी लक्षद्वीपचं अगत्ती सापडलं. विमान थेट बेटावरच उतरतं आणि किनाऱ्यावरून चालत उथळ पाण्यात शिरता येतं. त्यासाठी परवाना लागतो, तो काढला. पावसाळा सरून समुद्र निवळायला हवा, म्हणून दिवाळीनंतरचा बेत केला. मुलानं शंका काढली की विमानही समुद्रावरूनच जाणार ना? काकी म्हणाली, वरून जातं ते कावळ्यासारखं, त्याला होडी कोण म्हणेल?

दिवाळीपर्यंत खानावळीत वेगळंच नाटक. काचेचा मुखवटा आणि नळी आणून दिली होती मी. काकी परातीत पाणी भरून त्यात तोंड घालायची आणि नळीनं फुर्र फुर्र श्वास घ्यायची. गिऱ्हाईक ताटावर बसलेलं आणि मालकीणबाई परातीत. एक पुणेकर तर न जेवताच उठून गेले.

अगत्तीला उतरलो आणि मला माझाच एक शब्द मागे घ्यावा लागला. असा निळा रंग मी कॅलेंडरवर बघून खोटा म्हणत होते. काकीला मात्र रंगाशी देणंघेणं नव्हतं, तिला तळ हवा होता. पहिल्या दिवशी कंबरभर पाण्यात उतरलो, तर खाली नुसती पांढरी वाळू आणि दोन-चार समुद्रकाकड्यांचे काळे लोळे. लांबवर चाललो, तरी तेच. संध्याकाळी काकी जेवली नाही.

बेटावरचा एक माणूस आम्हाला जागा दाखवायला होता. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, चांगलं पोवळं बघायचं तर होडीत बसा, पाच मिनिटांत नेतो. मला खरंच वाटलं की बसावं. इतक्या लांब आलो, कोण बघतंय? मी काकीचा दंड धरला आणि म्हटलं, एकदाच बस, हरिहरेश्वरात कोणाला कळणार नाही.

काकीनं दंड सोडवून घेतला. "ज्याला बोलले तो हितं पण हाय गं."

तिच्या पुढ्यात समुद्र केवढा पसरलेला होता. त्या माणसाला आमचं मराठी किती कळलं देव जाणे, पण त्यानं काकीकडे बघितलं, होडीची दोरी खाली टाकली आणि सकाळी भरती चढताना बेटाच्या निमुळत्या टोकाकडे या म्हणाला. तिथं चालावं जास्त लागतं, म्हणून पर्यटकांना नेत नाही, असं त्याचं म्हणणं.

सकाळी गेलो. काकी पंजाबी ड्रेसमध्ये, वर तरंगायचं केशरी जाकीट, तोंडावर मुखवटा. हसू येण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. कारण ती काठावरच अडून राहिली होती, आणि मला कळत होतं की ती पाण्याला घाबरत नाहीये. खाली पुन्हा वाळूच निघाली तर नवऱ्याला काय सांगायचं, ही भीती होती. मी तिचा हात घट्ट धरला. छातीइतक्या पाण्यात दोघींनी एकदम डोकी बुडवली.

काय सांगू तुम्हाला! पायाखाली अख्खं गाव. जांभळ्या फांद्या, त्यांच्या आत शिरणारे निळे ठिपके, बशीएवढे पिवळे मासे कोणाची भीड न ठेवता आमच्या तोंडासमोरून चाललेले. ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. मी श्वास घ्यायला विसरले आणि खारं पाणी प्यायले. मग तो आवाज आला. कुरुम, कुरुम, पोरं चणे खातात तसा. खाली एक हिरवा चोचवाला दगडाला तोंड लावून खुशाल चरत होता.

काकी ताडकन उभी राहिली. मुखवटा वर केला. नाकातोंडातून पाणी गळत होतं, डोळ्यांतून वेगळं.

"जन्मभर खोटारडा म्हटलं ह्यांना," ती म्हणाली. "आणि ह्यांनी तर कमीच सांगितलं."

मी काहीतरी बोलणार होते, पण तिला ऐकायचं नव्हतं. तिनं मुखवटा पुन्हा चढवला आणि डोकं पाण्यात घातलं.

गेल्या माघात काकी गेली. खानावळ आता बंद असते, मुलगा पनवेलला आहे. तिची आठवण आली की मला ती चुलीपाशी दिसत नाही. दिसतं ते केशरी जाकीट आणि पाण्यावर तरंगणारा पिकला अंबाडा. पोहता न येणारी ही बाई माझा हात गच्च धरून होती. मग खाली काहीतरी दाखवायला तिनं बोट पुढे केलं, त्यासाठी माझा हात सोडला, आणि तो परत धरायचा राहूनच गेला.