बोअरच्या पाण्यातल्या मॉली

मला मासे आवडत नव्हते. आजही फार आवडतात असं नाही. मासे पाळायला लागलो तो निव्वळ रागातून, आणि ज्यांच्याकडून ते शिकलो त्यांच्याशी पहिले सहा महिने माझं एक बोलणं धड झालं नाही.

बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आमचं गाव सोनाळ्यापासून खाली, खारपाणपट्ट्यात. बाबांनी साठ वर्षं बोअरचं खारट पाणी प्यायलं. गावात कॅनचं पाणी येईपर्यंत त्यांच्या किडन्यांचा निकाल लागला होता. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना भाड्याच्या गाडीनं खामगावला डायलिसिसला न्यायचं. मशीनवर चार तास. त्या चार तासांत सोबतच्या माणसानं कुठं बसायचं, याचा विचार त्या दवाखान्यात कोणी केलेला नव्हता. जिन्यात बसलो तर वॉचमन हाकलायचा.

दवाखान्यासमोर माशांचं एक दुकान होतं. बाहेर सावलीत बाकडं, त्यावर पंखा. मी जाऊन बसलो. दुसऱ्या सोमवारी दुकानदार म्हणाला, "बसाचं असन तर काई घ्या, नाहीतर उठा." माझं डोकं तसंही फिरलेलं होतं. मी दोन फुटांची काचेची टाकी घेतली, वरती बारा मासे घेतले आणि त्याला म्हणालो, "आता उठवून दाखव."

त्या बाकड्यावर दोन माणसं कायमची बसलेली असायची. एक निवृत्त वायरमन. वीज मंडळात पस्तीस वर्षं खांबावर चढले, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या कोणाचंही ऐकायचं नाही ही सवय त्यांना तिथूनच लागली असावी. दुसऱ्या शाळेतल्या निवृत्त बाई, विज्ञान शिकवणाऱ्या. दोघांच्याही घरी वीस-वीस वर्षं टाक्या. दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत नसे. एकमत फक्त माझ्याबद्दल झालं, की हा माणूस मूर्ख आहे.

टाकी मी बाबांच्या खाटेसमोर ठेवली. दिवसभर छताकडे बघत पडण्यापेक्षा काहीतरी हलतं बघतील, असा माझा हिशेब. काच घासून-पुसून लख्ख केली आणि कॅनचं पाणी ओतलं. आमच्याकडे कॅनचं पाणी म्हणजे औषध. लेकराला, पाहुण्याला, आजाऱ्याला तेच. माशांना त्याच्यापेक्षा चांगलं काय देणार? त्याच संध्याकाळी बाराच्या बारा मासे सोडले.

बाबांनी मान वळवून बघितलं. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलं होतं, त्यात चहाही धरायचा. बायको सकाळीच ते बाटलीत मोजून ठेवायची. बाकी घरातलं सगळं पाणी आम्ही त्यांच्यापासून लपवलं होतं. स्वयंपाकघराला कडी, मोरीतल्या ड्रमच्या झाकणावर पाट्याचा दगड.

"मले एक गिलास पानी देत नाही," बाबा म्हणाले, "अन् माशाले चार कॅन."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पाच दिवसांत बाराही मासे मेले. मी चिडून बाकड्यावर गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, आजारी मासे गळ्यात मारले. तो बोलायच्या आधी वायरमन बोलले.

"पानी कोनतं टाकलं?"

"कॅनचं. एकदम शुद्ध."

"शुद्ध!" ते बाईंकडे वळून हसले. "कॅनच्या पान्यात काईच नसते बे. मेलेलं पानी हाय ते. अन् टाकी किती दिवस रिकामी चालवली?"

मासे सोडण्याआधी नुसत्या पाण्याची टाकी चालवायची असते हेच मला माहीत नव्हतं. तसं म्हटल्यावर बाईंनी चष्मा काढला. वर्गात बाकावर उभं करण्याआधी त्या तो काढत असणार.

"मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात घाण करतो," त्या म्हणाल्या. "ती घाण विष असते. ते विष खाणारे जंतू टाकीत वाढायला महिना लागतो. तुम्ही पहिल्याच दिवशी बारा मासे टाकले. त्यांच्याच लघवीत बुडवून मारलंत तुम्ही त्यांना."

मला एकदम संताप आला. माशांचा नाही. गेले चार महिने डॉक्टर मला रिपोर्टवरच्या एका आकड्याभोवती गोल करून दाखवत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. बाबांच्या अंगात काय साठतंय, हे मला मराठीत कोणी सांगितलं नव्हतं. ते या बाकड्यावर, एका तुसड्या बाईकडून, मेलेल्या माशांच्या निमित्तानं कळलं.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला. सगळं बदलायचं नाही. सगळं एकदम बदललं तर मासा धक्क्यानं मरतो."

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बाबांचं तेच चाललेलं होतं. आठवड्यातून दोनदा. त्या दोघांसमोर मला रडायचं नव्हतं.

पुढं वायरमननी मला मॉली घ्यायला लावल्या, काळ्याभोर. म्हणाले, तुह्या गावचं बोअरचं पानी या माशाले मानवते, खारट पान्याचा जीव हाय. तीन भाग बोअरचं, एक भाग कॅनचं. आणि अट घातली, की दर खेपेला टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणायचं. पाण्याशिवाय तोंड दाखवायचं नाही. त्यांच्या खिशात पेनासारखं मीटर असायचं. ते पाण्यात बुडवलं की क्षार किती त्याचा आकडा दिसतो. आमच्या भागात हे मीटर कॅनवाल्यांमुळे घरोघरी माहीत आहे, पण वायरमन ते असं बुडवायचे, जसा डॉक्टरनं थर्मामीटर लावावा. आकडा एका वहीत लिहायचे आणि मग मला झापायचे. खाणं जास्त टाकलंस. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलास, जंतू गेले सगळे. मधूनच बाई म्हणायच्या, चूक सांगताय तुम्ही त्याला, आणि मग ते दोघं माझ्या टाकीवरून आपसांत भांडायचे. मला दोघांचाही राग यायचा. पण आकडा बरोबर आला की वायरमन नुसतं "हं" म्हणायचे, आणि त्या "हं"साठी मी दोन दिवस टाकीची उस्तवार करायचो. हेही कबूल करायला पाहिजे.

मॉली जगल्या. नुसत्या जगल्या नाहीत, दोन महिन्यांत व्यायल्या. ज्या पाण्यानं माझ्या बापाला खाटेवर पाडलं, त्याच पाण्यात त्या तोऱ्यात फिरायच्या. पिलं बघून मला आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा रागही आला.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा दोन गोष्टी बिघडल्या. टाकीतलं पाणी खाली जायला लागलं, दोन खेपांच्या मधे दीड-दीड बोट. आणि डायलिसिसच्या आधी वजन करायचे त्यात बाबांचं वजन वाढून यायला लागलं. दोन किलो चालतं, ते चार यायचं. पाय सुजलेले, श्वास जड. तिथला टेक्निशियन माझ्यावर ओरडला, "पाणी पाजताय का त्यांना? फुप्फुसात पाणी भरलं तर मशीनपर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही." मी घरी येऊन बायकोवर ओरडलो. बायकोनं बाटली माझ्यासमोर आपटली आणि म्हणाली, उद्यापासून तुम्हीच मोजा. मी मोजलं. पाऊण लिटर, थेंब जास्त नाही. वजन चारच.

टाकीच्या पाण्याचं मी बाकड्यावर सांगितलं.

"उन्हाळ्यात पाणी उडतं, एवढंही कळत नाही?" बाई म्हणाल्या.

वायरमननी मात्र मीटर बुडवलं. वहीतला गुरुवारचा आकडा बघितला. पुन्हा बुडवलं.

"टाकीवर काच झाकतं ना?"

"झाकतो."

"खाली ओल हाय काय?"

"नाही."

"पानी उडलं नाही हे," ते म्हणाले. "पानी उडलं का खार मांगं राह्यते, आकडा वाढते. तुहा आकडा जसाचा तसा हाय. हे कोनीतरी काढून राह्यलं."

बाईंनी मीटर हातात घेतलं, आकडा बघितला आणि पहिल्यांदाच वायरमनशी वाद घातला नाही. दोघांनाही माहीत होतं मी समोरच्या दवाखान्यात कशासाठी येतो. दोघांपैकी कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. मला ते त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी शेतातून मुद्दाम लवकर आलो आणि खिडकीतून बघितलं. बाबा खाटेवर उठून बसले होते. काच त्यांनी अलगद बाजूला केली, औषधाच्या गोळ्या घ्यायचा स्टीलचा पेला टाकीत बुडवला, पिलू आलं नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, आणि प्यायले. घाई नाही, चोरटेपणा नाही. पुन्हा बुडवला.

मी आत जाऊन पेला हिसकावला. पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. बापाच्या हातातून मी आयुष्यात कधी काही ओढून घेतलं नव्हतं.

"माशांच्या मुताचं पाणी पिता तुम्ही? मरायचं आहे का?"

"मासे मेले काय त्यानं?" बाबा म्हणाले. "पिल्लं होऊन राह्यले त्याईले. आपल्या बोअरचं पानी हाय हे. तुह्या कॅनच्या पान्याले चव नाही, तहान नाही जात त्यानं."

"चार किलो वजन वाढलंय. छातीत पाणी भरेल."

"भरू दे."

"मग मी सोमवार-गुरुवार कशाला मरतो तुम्हाला घेऊन?"

"मी म्हनलं होतं काय, ने म्हनून?"

मी पेला भिंतीवर फेकला. बायको धावत आली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि मी तसाच निघून गावातल्या सुताराकडे गेलो. टाकीच्या मापाचं लाकडी झाकण करून घेतलं, कडी-कोयंडा बसवला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या करदोड्याला.

खरं सांगायचं तर टाकी उचलून कोणाला देऊन टाकता आली असती. दुकानदारानंही अर्ध्या किमतीत घेतली असती. मी दिली नाही. त्या वर्षात माझ्या हातून एवढी एकच गोष्ट नीट झाली होती. बाप माझ्यासमोर फुगत चालला होता आणि मॉली पिलं देत होत्या. मला ती टाकी हवी होती. बापाच्या तहानेपेक्षा मी ती मोठी धरली, हे त्या दिवशीही मला कळत होतं.

बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. बायकोकडून जेवण घ्यायचे, गाडीत मागं बसायचे, मी हात धरला की झटकायचे.

पुढच्या सोमवारी काट्यावर वजन फक्त दीड किलो वाढलेलं निघालं. टेक्निशियन खूश झाला. "वा बाबा, आता कसं! सगळ्यांनी यांच्याकडून शिका," तो आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला. सहा खाटा, सहा मशीन, सहा तहानलेली माणसं.

"माह्याकडून काय शिकता?" बाबा म्हणाले. "पोरानं पान्याले कुलूप लावलं."

आणि नळ्या जोडून होईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. टाकी, पेला, झाकण, किल्ली. शांतपणे, एकेक. सगळ्या खाटांवरची तोंडं माझ्याकडे वळली. तिथं कोणालाही हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातला प्रत्येक जण त्या क्षणी तहानलेला होता आणि प्रत्येकाच्या घरात कोणीतरी माझ्यासारखं होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कोपरावर उठली.

"बापाले कुलूप लावतं काय रे?" ती म्हणाली. "त्यापेक्षा टाकीच काढून फेकाची ना बाप्पा. त्याच्या डोयापुढं पानी ठेवतं अन् कुलूप लावतं?"

"आजच काढतो," असं मी म्हणालो असेन. आवाज माझाच मला नीट ऐकू आला नाही.

बाबांनी डोळे मिटलेले होते. आठ दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, तेही म्हातारीच्या आडून.

"नोको काढू म्हना त्याले," ते म्हणाले. "कुलूप राहू दे. पानी दिसते तरी."

त्या दिवशी मी बाकड्यावर गेलो नाही. चार तास त्यांच्या खाटेपाशी उभा राहिलो. हाकलायला कोणी आलं नाही.