पांढऱ्या हेल्मेटचा ओव्हरटाइम

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या कारखान्यात मी लेथ मशीनवर होतो, तेव्हा माझं हेल्मेट पिवळं होतं आणि ओव्हरटाइमचा हिशेब तोंडपाठ होता. तासावरच्या कंत्राटी पोरांचं सोपं, तासाच्या दराची दुप्पट. आम्हा पगारवाल्यांचं जरा वाकडं. महिन्याचा पगार भागिले सव्वीस, मग भागिले आठ, आणि येईल त्याची दुप्पट. आमचा एचआरवाला मात्र तिसाने भागायचा. विचारलं तर म्हणाला, "रविवारी काय तुम्ही कामगार नसता?" अक्कल शून्य, पण गळ्यात टाय. तरी रोजच्या दोन जादा तासांवर बायकोची कराडच्या नर्सिंग कॉलेजची फी निघत होती, म्हणून मी गप्प बसलो.

मग बढती मिळाली. असिस्टंट सुपरवायझर. लेथ तोच, मीही तोच, फक्त हेल्मेट पांढरं. पगार हजारभराने वाढला आणि ओव्हरटाइम बंद. "स्टाफला ओटी नसतो," एचआरवाला पेढा खात म्हणाला. पेढे मीच नेले होते.

इकडे गावी, उंब्रजला, मित्रांनी हायवेकडेला फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला माझा फोटो, 'साहेबपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि खाली वीस शुभेच्छुकांची थोबाडं. लेथ कशाशी खातात हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. "साहेब झालास रं गड्या!" म्हणत त्यांनी माझ्याच पैशाने मटण हाणलं. वडील फौजेतून हवालदार होऊन आलेले. ते रोज त्या फ्लेक्सखाली जाऊन उभे राहायचे आणि कुणी वाचतंय का ते बघायचे.

पहिला पगार हातात आला आणि माझी नशा उतरली. मला आता साहेब म्हणणारा शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर माझ्यापेक्षा जास्त घेऊन गेला होता. साताऱ्यात एक जुना युनियनवाला होता, त्याच्याकडे गेलो.

"हेल्मेटाचा रंग कोण इचारतंय? दिवसभर मशीनच चालवतोस न्हवं? मग कायद्यानं तू कामगारच, ओव्हरटाइम मिळतोय. तसं लिहून सही कर. फुडचं मी बघतो."

अर्ज त्यानेच लिहून दिला. मी नावाचाच सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली कोणी नाही. मी मशीनवरच काम करतो. तीन वाक्यं, तिन्ही खरी.

बायकोने तो वाचला. तिचं शेवटचं वर्ष होतं, फी भरायला महिना उरला होता. ती म्हणाली, "आवं, करा की सही. खरं हाय त्येच लिवलंय, त्यात कसली लाज?"

पेन हातात घेतला आणि फ्लेक्सवरचा तो गॉगलवाला डोळ्यांपुढे आला. हवालदारांचा पोरगा साहेब नाही, हे मी लेखी देऊ? एचआरवाल्याला मी बिनडोक म्हणतो खरा, पण माझी जात त्याने बरोबर ओळखली होती. पांढऱ्या प्लॅस्टिकवर भाळणारा गडी सही करत नसतो. अर्ज ट्रंकेत गेला.

फी भरली गेली नाही. बायको आता कराडच्या एका दवाखान्यात आया आहे. तिच्या वर्गातल्या मुली तिथेच नर्स आहेत, त्या हाक मारतात आणि ही बेडपॅन घेऊन धावते. जादा थांबली की तिला मात्र दुप्पट मिळतं.

गेल्या वळवात तो फ्लेक्स फाटला. वडिलांनी नवा करून घेतला. त्याचे पैसे तिच्या ओव्हरटाइममधून गेले.