पत्र्याची लाल यष्टी

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात भाड्याने राहायचो. समोरच्या खोलीतला एसटी कंडक्टर ड्युटीवरून आला की ओट्यावर बसून एसटीच बनवायचा. हातभर लांब, पत्र्याची, हुबेहूब. दिवसभर अक्कलकोटच्या गाडीत "पुढं सरका" ओरडून घसा बसलेला हा माणूस संध्याकाळी जीभ दातात धरून तिला लाल रंग द्यायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

राळ आणि मेण वितळवून तो मातीच्या साच्यांत प्रवासी ओतायचा. मग काडीच्या टोकानं त्यांचे फेटे, पदर रंगवायचा. रंग वाळून गाडी झकास दिसायला लागली, तर पठ्ठ्यानं तिच्यावर चिखलाचे शिंतोडे उडवले! मी हळहळलो.

"आवो, इतकी चकाचक यष्टी कुनाला खरी वाटंल?"

मी गाडीच्या खिडकीतून आत डोकावलो. सगळे प्रवासी बसलेले, उभा एकही नाही. खिडकीपाशी खाकी कपड्यातला कंडक्टरही डोळे मिटून मस्त रेललेला.

"आणि हे कुणाला खरं वाटेल?" मी विचारलं.

तो गालातल्या गालात हसला. "न्हाय वाटलं तर न्हाय. लई वर्सं उभा हाय त्यो. बसू द्या की."