आईची अडकलेली सीडी

वाटणीत धाकट्या भावानं धानाची शेती ठेवून घेतली आणि माझ्या हातावर आईच्या आवाजातल्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्यांची एकच सीडी टेकवली. ती लावली तर लॅपटॉप हँग झाला आणि सीडी आतच अडकली. लॅपटॉपवर थापट्या मारतच मी फुलचूरच्या कॉम्प्युटर दुकानात शिरलो.

दुकानवाली बाई भाजी निवडत होती. "काऊन ठोकून राहिले, भाऊ? काय हाय आत?"

"माय हाय माझी. आता नाही राहिली ती."

"माय हाय म्हणता, आन् ठोकता कायले?"

सौद्यात बाजार डोक्यावर घेणारा मी, लॅपटॉप हळूच तिच्यापुढं ठेवला. तिनं बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन सरळ केली आणि ड्राइव्हच्या बारीक छिद्रात हळूच दाबली. ट्रे बाहेर आला. सीडी पदरानं पुसून तिनं आपल्या कॉम्प्युटरवर लावली. आई एक ओळ गायची आणि थांबायची.

"सीडीही खराबच दिली त्यानं," मी चिडून म्हणालो. लहानपणीच बाजारातल्या एका दुकानात कामाला लागलेला मी रोवण्याला कधी गेलोच नव्हतो.

"खराब नाही जी. धानाच्या बांधीत रोवता रोवता दुसऱ्या बाया उत्तर देतेत. त्याईच्यासाठी थांबली ते."

आई पुन्हा थांबली. बाईनं भाजी निवडता निवडता उत्तराची ओळ म्हटली, आणि आई पुढं गाऊ लागली.